विश्लेषण : शेताला कुंपण कोणी घालायचे – पीकवाल्याने की गुरेवाल्याने? कायद्यांनी आजवर काय ठरवले?

उभ्या पिकात शेजाऱ्याची गुरे शिरली आणि रात्रीत ज्वारी फस्त झाली, तर दोष कोणाचा? गुरे मोकाट सोडणाऱ्याचा की शेताला कुंपण न घालणाऱ्याचा? गावच्या चावडीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा वाद किती तरी वेळा गेला आहे. स्मृतिकारांनी त्यावर नियम केले, सातव्या शतकातील इंग्लंडच्या राजाने केले, अमेरिकेतील वसाहतींनी केले आणि ब्रिटिशांनी भारतातही केले. मात्र सर्वांनी एकच उत्तर दिले नाही. काही ठिकाणी गुरे आपल्या हद्दीत कोंडण्याची सक्ती गुरेवाल्यावर होती, तर काही ठिकाणी गुरे बाहेर रोखण्याची सक्ती पीकवाल्यावर. कुंपणाचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. रानडुक्कर, नीलगाय आणि विजेच्या तारांमुळे महाराष्ट्राच्या शिवारात तो आज पुन्हा उभा राहिला आहे.

मूळ वाद काय आहे?

शेती आणि पशुपालन हे दोन्ही व्यवसाय वैध आणि गरजेचे. पण एकाच शिवारात दोन्ही चालू असतील तर गुरे पिकात शिरणारच. नुकसान टाळण्याचे मार्ग तीन : गुरे राखणे, गुरे कोंडणे किंवा पिकाभोवती कुंपण घालणे. तिन्हींना पैसा आणि श्रम लागतात. त्यामुळे कायद्याने नियम केला की एका बाजूवर खर्च पडतो आणि दुसरी बाजू सुटते.

जगभरातील नियमांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिल्यात ‘गुरे आत कोंडा’ हे सूत्र आहे. गुरे दुसऱ्याच्या शेतात गेली की त्यांचा मालक दोषी. शेताला कुंपण होते की नव्हते, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यात ‘गुरे बाहेर रोखा’ हे सूत्र आहे. रान सर्वांना मोकळे. ज्याला पीक वाचवायचे असेल त्याने पुरेसे मजबूत कुंपण घालावे. ते नसेल तर भरपाई मागता येत नाही. कोणत्या प्रदेशाने कोणते सूत्र स्वीकारले हे पाहिले, की तिथे जमीन किती होती, लाकूड किती होते आणि सत्ता कोणाच्या हाती होती, याचा अंदाज येतो.

प्राचीन भारतात कोणता नियम होता?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, म्हणजे राजाने न्यायनिवाडा कसा करावा याच्या प्रकरणात, गुरांचे मालक, गुराखी आणि शेतमालक यांच्यातील वाद हा स्वतंत्र विषय आहे. गावाभोवती शंभर धनू रुंदीचा पट्टा चराईसाठी राखावा, असे त्यात सांगितले आहे. एक धनू म्हणजे चार हात धरले तर हा पट्टा सुमारे सहाशे फुटांचा होतो. नगराभोवती तो तिप्पट असावा. आजच्या गायरानाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

या पट्ट्यालगत कोणी पीक घेतले आणि कुंपण घातले नाही, तर गुरांनी पीक खाल्ले तरी राजाने गुराख्याला दंड करू नये, असा नियम आहे. कुंपण कसे असावे हेही त्यात येते : उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके उंच, आणि कुत्रा किंवा डुक्कर तोंड घालू शकेल अशी फट राहू नये इतके दाट. असे कुंपण असताना गुराखी सोबत असूनही गुरे आत शिरली, तर मात्र मोठा दंड. गावापासून दूरच्या शेतांत दंड कमी, पण पिकाची भरपाई द्यावीच लागे.

म्हणजे एकच नियम सगळीकडे लावलेला नव्हता. जिथे गुरांची वर्दळ ठरलेली आहे, तिथे पीक घेणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी. जिथे गुरांनी जाण्याचे कारण नाही, तिथे गुराख्याने. दिवसा जबाबदारी गुराख्याची आणि गुरे गोठ्यात परतल्यावर रात्री ती मालकाची, अशीही विभागणी होती. व्यायल्यापासून दहा दिवसांच्या आतली गाय आणि देवाला सोडलेली जनावरे यांना दंडातून सूट होती. याज्ञवल्क्य स्मृतीतही रस्त्यालगतच्या, गावालगतच्या आणि कुरणालगतच्या शेतांबाबत याच धर्तीचा नियम आहे. ज्या मनुस्मृतीचे १९२७ मध्ये महाड येथे दहन झाले, तिची विषमता दंडविधानात जागोजागी दिसते. कुंपणाचे हे नियम मात्र शेती आणि पशुपालन यांच्या रोजच्या व्यवहारातून आलेले दिसतात.

इंग्लंडच्या राजाने सातव्या शतकात काय ठरवले?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील वेसेक्स राज्याचा राजा इने याने इ. स. ६९०च्या सुमारास कायद्यांची एक संहिता तयार केली. सामान्य शेतकऱ्याने आपल्या घराभोवतीच्या आवाराला उन्हाळा आणि हिवाळा असे बारमाही कुंपण ठेवावे, असे त्यातील एक कलम सांगते. कुंपण नसेल आणि शेजाऱ्याचे जनावर फटीतून आत आले, तर काहीही मिळणार नाही. जनावर हाकलून द्यायचे आणि नुकसान सोसायचे.

याच संहितेतील दुसरे कलम अधिक महत्त्वाचे आहे. काही शेतकऱ्यांचे सामाईक कुरण किंवा वाटून घेतलेली जमीन असेल आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचे कुंपण घालायचे ठरले असेल, तर काहींनी ते घातले आणि काहींनी नाही असे झाल्यास काय? गुरे आत शिरून सर्वांचे पीक खाऊन गेली, तर ज्यांच्या वाट्याला फट राहिली त्यांनी कुंपण घालणाऱ्यांना भरपाई द्यावी. इथे कुंपण ही केवळ स्वतःच्या पिकाची राखण राहत नाही. एकाच्या आळसाने दहा जणांचे पीक जाते, म्हणून कुंपण घालणे हे शेजाऱ्याप्रति कर्तव्य ठरते.

या कर्तव्याचा सर्वांत तपशीलवार विचार आयर्लंडमध्ये झाला. तेथील आठव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका कायदेग्रंथाचा विषयच शेजारधर्म हा आहे. जमिनीच्या वाटण्या झाल्या की लगतच्या शेतकऱ्यांनी एकमेकांकडे आगाऊ तारण ठेवायचे, प्रत्येकाने आपल्या बाजूचे कुंपण घालायचे आणि गुरांनी आगळीक केली तर त्या तारणातून दंड वळता व्हायचा. खंदक, दगडी बांध, ओकच्या लाकडाचे कुंपण आणि खांबांमध्ये फांद्या विणून केलेले कुंपण असे चार प्रकार कायद्याने मान्य केले होते. मधमाश्यांनी शेजाऱ्याच्या फुलांतला मध नेला तर काय, यावरही आयरिश पंडितांनी वेगळा ग्रंथ लिहिला.

पुढे इंग्लिश कायदा कसा बदलला?

मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडच्या कॉमन लॉने ‘गुरे आत कोंडा’ हे सूत्र पक्के केले. शेजाऱ्याची गुरे हद्द ओलांडून आली की मालकाचा हेतू किंवा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही; नुकसान दाखवले की पुरे. शेतमालकावर बाहेरच्या गुरांना रोखण्यासाठी कुंपण घालण्याचे सर्वसाधारण बंधन राहिले नाही. मात्र वहिवाटीने, कराराने किंवा स्थानिक प्रथेने अशी जबाबदारी काही जमिनींना चिकटलेली असे. ती त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडेही जाई.

कुंपणाची सर्वांत कठोर सक्ती अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत आली. संसदेने कायदे करून सामाईक रानांच्या वाटण्या केल्या. ज्याला तुकडा मिळाला त्याने ठरावीक मुदतीत खंदक खणून, झुडपांची वई लावून तो बंदिस्त करायचा, अशी अट असे. मोठ्या जमीनदाराला हा खर्च जड नव्हता. दोन-चार एकर मिळालेल्या शेतकऱ्याला मात्र तुकडा लहान असल्याने एकरी कुंपण अधिक लागे. गणित साधे आहे : जमीन चौपट झाली तरी परिघ फक्त दुप्पट होतो. त्यामुळे अनेक छोट्या शेतकऱ्यांनी कुंपणाच्या खर्चापायीच जमीन विकली. शेजाऱ्याच्या रक्षणासाठी जन्मलेले कर्तव्य इथे छोट्याला बाहेर काढण्याचे साधन बनले. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरली.

त्याच काळात रेल्वे आली. शेतांमधून लोहमार्ग टाकणाऱ्या कंपन्यांनी दोन्ही बाजूंना कुंपण घालावे आणि शेजारच्या मालकांची गुरे रुळांवर भरकटण्यापासून वाचवावीत, असे बंधन १८४५ च्या ब्रिटिश कायद्याने घातले. नवा धोका जो आणतो त्याने कुंपण घालावे, हे त्यामागील तत्त्व. भारतात १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वे प्रशासनाकडून हद्दीच्या खुणा किंवा कुंपण करवून घेण्याचा अधिकार सरकारला दिला. प्रत्येक मार्गावर सरसकट सक्ती मात्र केली नाही.

अमेरिकेत नियम उलटा का झाला?

इंग्लंडहून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी सोबत इंग्लिश कायदा नेला, पण तो तिथे चालेना. जमीन अफाट, माणसे थोडी आणि जंगलात सोडलेली डुकरे, गुरे आपली आपण वाढत. तेवढे रान बंदिस्त करणे अशक्य होते. त्यामुळे व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६३२ च्या सुमारास नियम केला : आपल्या शेताला पुरेसे कुंपण घाला, नाही तर स्वतःच्या जोखमीवर पेरा. दक्षिणेकडील वसाहतींत आणि पुढे पश्चिमेच्या माळरानांवर ‘गुरे बाहेर रोखा’ हे सूत्र रुजले.

मग ‘पुरेसे कुंपण’ म्हणजे काय, हा वाद आलाच. लोकांच्या तोंडी त्याची व्याख्या अशी होती : घोड्याला ओलांडता येणार नाही इतके उंच, बैलाला मोडता येणार नाही इतके बळकट आणि डुकराला घुसता येणार नाही इतके घट्ट. मनुस्मृतीतील उंट आणि डुक्कर यांच्याशी असलेले हे साम्य योगायोगाचे आहे, पण अर्थपूर्णही आहे. अडचण सारखी असली की मोजपट्टीही सारखीच निघते.

ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये शेते लहान आणि वस्ती दाट होती. तिथे शेजाऱ्यांनी मधले कुंपण निम्मे-निम्मे सांभाळायचे अशी पद्धत आली. वाद झाल्यास निवाडा करण्यासाठी गावाने ‘कुंपण पाहणारे’ पंच नेमायचे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हे पद आजही आहे आणि चार फूट उंचीचे, सुस्थितीतील कुंपण तिथे कायद्याने पुरेसे मानले जाते.

काटेरी तारेने काय बदलले?

पश्चिमेच्या माळरानांवर लाकूडही नव्हते आणि दगडही. त्यामुळे शेतकऱ्यावर कुंपणाची सक्ती म्हणजे शेतीला बंदीच होती. इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन यांना २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि चित्र पालटले. स्वस्त, हलके आणि मैलोन्‌मैल टाकता येणारे कुंपण पहिल्यांदाच हाती आले.

पण तार फक्त शेतकऱ्यांनी वापरली नाही. मोठ्या पशुपालकांनी सरकारी जमिनी, पाणवठे आणि रस्तेही तारेत घेतले. टेक्सासमध्ये १८८३ च्या दुष्काळात पाण्याच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा मोकळ्या रानावर गुरे चारणाऱ्यांनी रात्री तारा कापायला सुरुवात केली. गोळीबार झाले, माणसे मेली. १८८४ मध्ये राज्याने तार कापणे हा गंभीर गुन्हा ठरवला. त्याच वेळी सार्वजनिक रस्त्यांवर कुंपण घालणाऱ्यांना दर तीन मैलांवर फाटक ठेवणे बंधनकारक केले. कुंपण घालण्याच्या हक्कालाही शेजाऱ्याच्या वाटेची मर्यादा असते, हे तिथे रक्त सांडल्यावर मान्य झाले.

दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्धानंतर वेगळे घडले. जमीन नसलेली गोरी कुटुंबे आणि नुकतेच गुलामीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय मोकळ्या रानात दोन-चार जनावरे चारून जगत. मोठ्या जमीनदारांच्या आग्रहाने एकेका परगण्यात ‘गुरे आत कोंडा’ कायदा लागू होत गेला. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने गुरे कोंडायची कुठे? या एका बदलाने भूमिहीनांचे जनावर पाळणे बंद झाले आणि ते मजुरीवर अधिक अवलंबून राहिले.

अर्थशास्त्रज्ञांनी या वादात काय पाहिले?

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात गुरेवाला आणि शेतकरी यांचे उदाहरण घेतले. गुरे शेतकऱ्याचे नुकसान करतात हे खरे. पण गुरेवाल्याला अडवले तर त्याचेही नुकसान होते. म्हणजे हानी दुहेरी आहे. दोघांना वाटाघाट करणे सोपे आणि विनाखर्च असेल, तर कायद्याने दोष कोणालाही दिला तरी ते दोघे सर्वांत स्वस्त उपाय शोधतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात वाटाघाट फुकट नसते, म्हणूनच कायदा काय म्हणतो याला महत्त्व येते. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्यासाठी रॉबर्ट एलिक्सन हे कायद्याचे अभ्यासक कॅलिफोर्नियातील शास्ता परगण्यात गेले. तिथे काही भागांत एक नियम होता, काही भागांत दुसरा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकानुसार बहुतेक पशुपालकांना आणि शेजाऱ्यांना कायद्याचा नेमका मजकूर ठाऊकच नव्हता. आपले जनावर आपण सांभाळावे, शेजाऱ्याचे आले तर त्याला फोन करावा, छोटे नुकसान सोडून द्यावे आणि देणे-घेणे मनात मांडून ठेवावे, या रीतीने बहुतेक वाद मिटत. दख्खनच्या पठारावर सुगीनंतर शेतकरी धनगरांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. पीक उभे असताना जे जनावर नकोसे, तेच पीक निघाल्यावर हवेसे होते. हा व्यवहारही कुठल्या कलमात लिहिलेला नाही.

ब्रिटिशांनी भारतात कोणता नियम आणला?

भारतात ब्रिटिशांनी प्रथम १८५७ मध्ये आणि नंतर अधिक तपशिलाने १८७१ मध्ये कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट, म्हणजे गुरांच्या घुसखोरीचा कायदा केला. मराठीत रूढ झालेला ‘कोंडवाडा’ याच कायद्याने घट्ट झाला. पिकाचे नुकसान करणारी गुरे शेतकऱ्याने पकडावीत आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावीत. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून ती सोडवावीत. मुदतीत कोणी आले नाही तर नोटीस काढून लिलाव करावा. दंडाचा तक्ता जनावराच्या आकारानुसार होता : हत्तीला सर्वाधिक, मग उंट आणि म्हैस, त्याखाली गाय-बैल आणि सर्वांत कमी शेळी-मेंढीला. गुरे बेकायदा पकडली तर मालकाला दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करून भरपाई मागता येई.

या कायद्यात शेताला कुंपण असलेच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे मनुस्मृतीने गायरानालगतच्या शेतकऱ्यावर टाकलेला भार ब्रिटिशांनी काढून घेतला आणि इंग्लंडचे ‘गुरे आत कोंडा’ हे सूत्र सगळीकडे लावले. महसुलाच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण सारा पिकावर येत होता. त्याचा भार पडला तो गुराखी, फिरस्ते पशुपालक आणि ज्यांच्याकडे जनावर आहे पण जमीन नाही अशा कुटुंबांवर. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा चालू राहिला.

गुरांचा नियम वायुगळतीपर्यंत कसा पोहोचला?

१८६० मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचे पाणी जुन्या खाणीच्या वाटांतून शेजाऱ्याच्या चालू खाणीत शिरले. मालकाला त्या वाटांची कल्पना नव्हती. ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात १८६६ मध्ये न्या. ब्लॅकबर्न यांनी आधार घेतला तो सुटलेल्या गुरांच्या जुन्या नियमाचा. ज्याची गुरे शेजाऱ्याचे पीक खातात तो जसा जबाबदार, तसाच धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर आणणाराही ती बाहेर पडल्यास जबाबदार. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल कायम केला.

या तत्त्वाला काही अपवाद होते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. एम. सी. मेहता खटल्यात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने म्हटले की धोकादायक उद्योगाला हे अपवाद मिळणार नाहीत. त्याची जबाबदारी पूर्ण आणि निरपवाद राहील. ज्वारीच्या शेतात शिरलेल्या बैलाचा नियम अशा रीतीने रासायनिक कारखान्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला.

कुंपणच जीवघेणे असेल तर?

शेजाऱ्याप्रति कर्तव्याची दुसरी बाजू अशी की कुंपणाने कोणाचा जीव जाऊ नये. इंग्लंडमध्ये एकेकाळी बागांमध्ये तार ओढताच सुटणाऱ्या बंदुका लावत. १८२७ मध्ये संसदेने त्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी बागेतील फुले राखण्यासाठी अशी बंदूक लावणाऱ्याला जखमी झालेल्या तरुणाला भरपाई द्यावी लागली. तो तरुण चोर नव्हता, भरकटलेला मोर पकडायला आत गेला होता.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात हेच तत्त्व स्पष्ट केले. शेजाऱ्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून एकाने वाटेवर वीजप्रवाह असलेली उघडी तार लावली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. आत येणारी व्यक्ती परवानगीशिवाय आली असली, तरी तिच्या जिवाची पर्वा न करता सापळा लावण्याचा हक्क मालकाला मिळत नाही, असे सांगून न्यायालयाने शिक्षा कायम केली.

महाराष्ट्रात आज स्थिती काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक जमीनधारकावर आहे. मात्र ही जबाबदारी खुणांची आहे, कुंपणाची नाही. कोकणात दगडांचा गडगा, फांद्यांची वई, देशावर बाभळीचे काटे, निवडुंग किंवा घायपात ही कुंपणे रीतीने आणि गरजेने आली. गुरांबाबत कोंडवाड्याचा नियम कागदावर आहे. पण अनेक गावांत कोंडवाडे ओस पडले आहेत. मोकाट जनावरे रस्त्यांवर येतात हा नवा पैलू. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचे आदेश राज्यांना आणि महामार्ग प्राधिकरणाला दिले. इंग्लंडमध्येही पूर्वी रस्त्यालगत गुरे रोखण्याचे बंधन नाही असेच न्यायालये सांगत. मोटारींच्या युगात हा नियम टिकणे कठीण होते आणि १९७१ च्या कायद्याने तो बदलला.

मात्र विदर्भ, मराठवाडा आणि कोकणातील शेतकऱ्याची आजची मोठी तक्रार शेजाऱ्याच्या गुरांविषयी नाही. ती रानडुक्कर, नीलगाय, हरीण आणि माकडांविषयी आहे. आजवरचे सगळे नियम एका गृहीतावर उभे होते : जनावराला मालक असतो. वन्यप्राण्याला तो नाही. त्याला कोंडवाड्यात घालता येत नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे सहजासहजी मारताही येत नाही. त्यामुळे ‘गुरे आत कोंडा’ हे सूत्र इथे लागू होत नाही आणि शेतकरी नकळत ‘बाहेर रोखा’ या जुन्या नियमाखाली येतो. जागलीला बसणे किंवा स्वखर्चाने कुंपण घालणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

राज्य सरकार वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई देते आणि वनालगतच्या गावांत सौर कुंपणासाठी अनुदानाची योजना आहे. सौर कुंपणात क्षणभराचा, कमी ऊर्जेचा झटका बसतो. पण ज्याला ते परवडत नाही, तो कधी कधी थेट वीजवाहिनीवरून तारेत प्रवाह सोडतो. हे बेकायदा आहे. त्यात वाघ-बिबट्यांपासून शेजारच्या बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांचे बळी गेले आहेत.

मग पर्याय कोणते?

इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, कुंपणाची सक्ती सर्वांवर सारखी असली तरी तिचा भार सारखा नसतो. दोन एकरवाल्याला तो एकरी सर्वांत जास्त पडतो. म्हणून अनुदान देताना शेताचा परिघ आणि धारण किती, हे दोन्ही पाहावे लागेल. दोन, सामाईक कुंपण स्वस्त पडते, पण त्यातली एक फट सर्वांना बुडवते. इने राजाची संहिता आणि आयरिश तारणपद्धती यांचा भर कुंपण बांधण्याइतकाच ते कोणी सांभाळायचे यावर होता. गावाभोवती एकच सौर कुंपण घालायचे असेल तर देखभालीची वाटणी आणि चुकारपणाची भरपाई आधी ठरवावी लागते. तीन, नवा धोका ज्याच्या निर्णयातून येतो त्याने कुंपणाचा वाटा उचलावा, हे तत्त्व रेल्वे कंपन्यांना १८४५ मध्येच लागू झाले होते. वन्यजीव राखणे हा समाजाचा निर्णय आहे. त्याची किंमत जंगलालगतच्या शेतकऱ्याने एकट्याने मोजावी का, हे कायद्याला ठरवावे लागेल. ते ठरेपर्यंत रात्रीची जागल आणि तारेचा खर्च शेतकऱ्याकडेच राहणार आहे.